धोतऱ्याचा दोष नव्हता

अर्धशिशी मी नववीत असल्यापासून माझ्या मागे लागलेली आहे. डाव्या भुवईवर ठणका सुरू झाला की तासाभरात अर्धं डोकं जातं, उजेड नकोसा होतो, फोडणीच्या वासानंही पोटात ढवळतं. सुंठ उगाळून लावून झाली, कपाळ पंचानं आवळून झालं, मेडिकलमधल्या गोळ्या झाल्या. पस्तिशीनंतर महिन्यातले नऊ-दहा दिवस असे जायला लागले. मी तासगाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. दहावीच्या पूर्वपरीक्षेला वर्गावर असतानाच मला उलटी झाली, तेव्हा मुख्याध्यापकांनीच सांगितलं, "मॅडम, आता सांगलीला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवाच."

सांगलीच्या डॉक्टरांनी बारकाईनं विचारलं. दमा आहे का? आहे, लहानपणापासून. मग प्रोप्रॅनोलॉल देता येणार नाही म्हणाले. आधी कधी ॲमिट्रिप्टिलीन घेतली होती का? घेतली होती, सकाळी उठवत नव्हतं. दिवस राहण्याची शक्यता? नाही, धाकट्याच्या वेळी ऑपरेशन झालंय. हा प्रश्न त्यांनी दोनदा विचारला, कारण गरोदरपणात ही गोळी बाळाला बाधू शकते. मग त्यांनी टोपिरामेट लिहून दिलं. आठवडाभर रात्री २५ मिलिग्रॅमची एक गोळी, पुढच्या आठवड्यापासून सकाळ-संध्याकाळ एकेक, असं करत १०० मिलिग्रॅमपर्यंत जायचं. पाणी भरपूर प्या, नाहीतर मुतखडा होऊ शकतो. बोटांना मुंग्या येतील, भूक कमी होईल, कधी शब्द आठवणार नाहीत, घाबरू नका. एवढं सगळं त्यांनी सांगितलं. डोळ्यांबद्दल काही सांगितल्याचं मला आठवत नाही. कागदावरही नव्हतं.

मेडिकलवाल्यानं गोळ्या देताना सहज विचारलं, "फिट कुणाला येते, मॅडम?"

मी म्हटलं, कुणालाच नाही, डोकेदुखीसाठी आहे. तो म्हणाला, "हां, तशीबी देतात. पण गोळी फिटचीच हाय."

हे वाक्य मी घरी येऊन बोलून दाखवलं, आणि तिथूनच पुढचं सगळं अवघड होत गेलं. सासूबाईंना मी आत्ती म्हणते. आत्तींचा चेहरा पडला. नणंदेसाठी स्थळं बघणं चालू होतं. कवठे महांकाळचे लोक पुढच्याच आठवड्यात येणार होते. "ही गोळी घरात दिसली तर लोक काय म्हणतील? सुनंला फिट येती म्हणतील, न्हाईतर पोरीलाच येती म्हणतील," आत्ती म्हणाल्या. त्यांनी पाकीट उचललं आणि देव्हाऱ्याखालच्या खणात, वातींच्या डब्याच्या मागं ठेवून दिलं. माझ्या नवऱ्यालाही फक्त डोक्याची गोळी एवढंच माहीत होतं. आत्तींनी हे वाईट मनानं केलं नाही. आमच्या भावकीतल्या एका मुलीचं ठरलेलं लग्न नुसत्या संशयावरून मोडलेलं त्यांनी पाहिलं होतं.

शुक्रवारी रात्री पहिली गोळी घेतली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बोटांच्या टोकांना आणि ओठांभोवती मुंग्या यायला लागल्या. स्टँडवर सोडा प्यायले तर त्याचा झणका गेलेला, नुसतं कडवट पाणी. आठवीला समास शिकवताना 'विग्रह' हा शब्द मला आठवेना. रोज वीस वेळा उच्चारलेला शब्द. पोरं वाट बघत बसली. शेवटी फळ्यावर नुसता 'राजपुत्र' लिहिला आणि म्हटलं, सोडवून दाखवा. पण डोकं मात्र शांत होतं. आठवडाभर एकही झटका नाही, आणि या समाधानात बाकीचं मी सहज पचवलं.

पुढच्या शुक्रवारपासून दोन गोळ्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र. पहाटे उठून मी कुंपणाकडेच्या उकिरड्याजवळून शंकराला धोतऱ्याची पांढरी फुलं आणि दोन काटेरी बोंडं तोडून आणली. दरवर्षी मीच आणते. उपवास केला, देवळात जाऊन आले, रात्री थोडं भजन. त्या दिवशी काही झालं नाही.

रविवारी १९ फेब्रुवारी, शिवजयंती. शाळेत कार्यक्रम होता, सगळ्या शिक्षकांना हजर राहायचं होतं. पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला स्टेजवर मोठा फलक लावला होता. त्यावरची अक्षरं मला वाचता येईनात. महाराजांचं चित्र आहे एवढंच कळत होतं. आधी वाटलं, धूळ उडालीय. डोळे धुवून आले, तरी तेच. समोर रांगेत बसलेल्या पोरांचे चेहरे तिसऱ्या-चौथ्या रांगेपासून पुढं पुसल्यासारखे. पण हातातली कार्यक्रमपत्रिका स्वच्छ दिसत होती. मोबाईलवरचं बारीक अक्षर तर नेहमीपेक्षाही ठळक. मला कधीच चष्मा नव्हता. चाळिशी जवळ आल्यावर जवळचं दिसेनासं होतं हे ऐकून होते. माझं उलटं होत होतं, आणि तेही एका रात्रीत.

दुपारी घरी आल्यावर दोन्ही भुवयांच्या वर जडपणा आला. मी मनात म्हटलं, आली परत अर्धशिशी. इथं मी चुकले, आणि असं दुखणं असलेल्या कुणाकडूनही ही चूक होऊ शकते. अर्धशिशी आहे हे इतकं पक्कं माहीत असतं की डोक्यातला प्रत्येक ठणका आपण तिच्याच खात्यावर टाकतो. पण ती माझी अर्धशिशी नव्हती. ती नेहमी डावीकडं असते, आणि हे दोन्हीकडं होतं. ती येण्याआधी मला जांभया येतात, त्या आल्या नव्हत्या. मी वेदनाशामक गोळी घेतली आणि अंधार करून पडले. संध्याकाळची टोपिरामेटचीही घेतली, वेळ चुकवायची नाही म्हणून.

रात्री आठच्या सुमारास बल्बभोवती रंगीत कडी दिसायला लागली, पावसाळ्यात चंद्राला खळं पडतं तशी. उलटी झाली. डोळे लाल. सातवीतली माझी मुलगी पाणी घेऊन आली, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि थबकली.

"मम्मी, तुझ्या डोळ्यातलं काळं एवढं मोठं का झालंय?"

तिनं आरसा आणून दिला. हातभर अंतरावरचं मला नीट दिसत होतं, त्यामुळं आरशातलं स्पष्ट दिसलं. माझे डोळे तपकिरी आहेत. तो तपकिरी भाग दोन्ही डोळ्यांत कडेला बारीक पट्टी होऊन राहिला होता. मधली बाहुली काळी, रुंद, आणि ट्यूबलाइट अगदी डोक्यावर असूनही लहान होत नव्हती. मुलीनं मोबाईलची बॅटरी मारून बघितली. किंचितशी हलली, बस.

आत्ती बाहेरून आल्या. त्यांनी एकदाच बघितलं आणि विचारलं, "धोतऱ्याचा हात डोळ्याला लावलास काय गं?"

आमच्याकडं सगळ्यांना हे माहीत असतं. धोतऱ्याचं बी पोटात गेलं तर माणूस बरळतो, डोळ्याची बाहुली मोठी होते. त्याच्या पाना-फुलांचा रस डोळ्याला लागला तरी बाहुली पसरते आणि दोन-तीन दिवस तशीच राहते. मी शिवरात्रीला धोतरा तोडला होता हे खरं. तोडल्यावर हात धुतले होते, आणि मध्ये दीड दिवस गेला होता. पण समोर एवढं सरळ कारण असताना दुसरं कोण शोधणार? मलाही ते पटलं. पटल्यावर थोडं हलकंही वाटलं. धोतरा उतरतो, आपोआप. रात्रभर डोळ्यांवर ओल्या पट्ट्या ठेवल्या.

सोमवारी सकाळी मला दारातला गुलमोहर ओळखू येत नव्हता. दुखणं भुवयांवरून खाली उतरून डोळ्यांच्या आत, मागच्या बाजूला बसलं होतं. बागेत द्राक्षाचा माल काढायला माणसं लागली होती, गाडी भरायची होती. नवऱ्यानं ते काम दिरावर सोपवलं आणि मला जवळच्या गावातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी डोळ्याचं प्रेशर मोजलं. उजव्यात ४४, डाव्यात ४२. साधारण १० ते २१ च्या आत असायला हवं. त्यांनी धोतऱ्याचं ऐकून घेतलं आणि मान हलवली. धोतऱ्यानं बाहुली मोठी होते, पण अशी दुखत नाही आणि सहसा ज्या डोळ्याला हात लागला तोच डोळा, असं म्हणाले. हा काचबिंदूचा झटका आहे. मग त्यांनी विचारलं, "काही गोळ्या चालू आहेत?"

मी म्हटलं, "डोकेदुखीच्या, कधीमधी."

नवरा शेजारी बसला होता. बाकावर मागं ओळखीचे दोघंजण होते. मला फिटचं नाव तोंडातून काढवलं नाही. त्या डॉक्टरांचा मला राग नाही. त्यांनी बरोबर प्रश्न विचारला होता, मी अर्धं उत्तर दिलं. बाहुली लहान करण्यासाठी त्यांनी पायलोकार्पिनचे थेंब घातले आणि सांगितलं, लेझरनं डोळ्यातल्या रंगीत पडद्याला भोक पाडावं लागेल, तडक मिरजेला जा. चिठ्ठी लिहून दिली. थेंब घातल्यानंतर भुवईत ओढ बसली, दुखणं वाढलं. बाहुल्या लहान झाल्या नाहीत.

मिरज आमच्याकडं दवाखान्यांचं गाव. कर्नाटकातून, सोलापूर भागातून माणसं रात्रीच येऊन थांबतात. तिथं ज्या मॅडमनी मला तपासलं त्यांनी आधी प्रेशर घेतलं: ४८ आणि ४६. मग खोलीतला दिवा मालवला, यंत्रावर हनुवटी ठेवायला लावली आणि बराच वेळ काही न बोलता बघत राहिल्या. नंतर माझ्या नाकावर लोखंडी चौकट बसवून एकेक काच घालायला लागल्या. उणे दोन. उणे साडेतीन. उणे पाच. पाचवर समोरच्या पाटीवरची शेवटून दुसरी ओळ मला घडाघडा वाचता आली.

मॅडम थांबल्या. "वय अडतीस. दोन्ही डोळे एकदम. कधी चष्मा नाही आणि आज उणे पाच. काचबिंदूच्या नेहमीच्या झटक्यात असं होत नाही. गेल्या महिन्याभरात कुठली नवीन गोळी सुरू केलीय?"

"नाही," नवरा म्हणाला. त्याला खरंच माहीत नव्हतं.

मी गप्प बसले. त्यांनी पुन्हा विचारलं, या वेळी फक्त माझ्याकडं बघून. मी म्हटलं, "एक आहे. फिटची. पण मला फिट येत नाही."

"नाव?"

नाव मला सांगता येईना. मराठी शिकवणारी बाई, अकरा दिवस रोज खाल्लेल्या गोळीचं नाव तोंडावर येईना. तो शब्दही त्या गोळीनंच नेला होता की मी तो कधी मनापासून वाचलाच नव्हता, देव जाणे. मी घरी फोन लावला. मुलीला म्हटलं, देव्हाऱ्याखालच्या खणात बघ. ती आत्तींची जागा, मुलगी कधी उघडत नाही. फोनवर मला आत्तींचा आवाज आला, "बाजूला सर, मी काढून देती." मग मुलीनं एकेक इंग्रजी अक्षर वाचून दाखवलं. टी, ओ, पी, आय. चार अक्षरांवरच मॅडमनी हात वर केला. "बास. टोपिरामेट."

पुढची दहा मिनिटं त्या बाईंनी जे समजावून सांगितलं ते मी जन्मभर विसरणार नाही. बाहेर रांग लागली होती तरी त्यांनी कागद ओढून डोळा काढला. डोळ्याच्या आत, रंगीत पडद्याच्या मागं, सारखं थोडं थोडं पाणी तयार होत असतं. ते बाहुलीतून पुढं येतं आणि पडदा जिथं बुबुळाला मिळतो त्या कोपऱ्यातल्या जाळीतून निचरा होऊन जातं. नेहमीच्या झटक्यात पाणी बाहुलीच्या मागं अडतं आणि पडद्याला पुढं फुगवतं. म्हणून लेझरनं पडद्याला भोक पाडलं की पाण्याला वाट मिळते. माझ्या डोळ्यांत अडचण त्याच्याही मागं होती. काहीजणांच्या शरीराला ही गोळी अशी बाधते की डोळ्याच्या आतल्या थरांमध्ये पाणी झिरपतं, भिंग ज्या स्नायूच्या कड्याला बारीक दोऱ्यांनी टांगलेलं असतं ते कडं सुजतं आणि पुढं कलतं. भिंग पुढं सरकतं, म्हणून एका रात्रीत चष्म्याचा नंबर येतो. भिंगाबरोबर पडदाही पुढं ढकलला जातो, निचऱ्याचा कोपरा मिटतो, प्रेशर चढतं. त्या प्रेशरखाली बाहुली आवळणाऱ्या स्नायूचा जीव गुदमरतो आणि बाहुली अर्धवट उघडी राहते. मॅडम म्हणाल्या, सगळ्यांचीच बाहुली अशी मोठी होते असं नाही. अंधूक दिसणं आणि दुखणं ही मुख्य खूण. तुमच्या मुलीला बाहुली दिसली हे नशीब.

नवरा द्राक्षबागेचा माणूस. तो म्हणाला, "म्हणजे ठिबकचा फिल्टर चोक नाही. मागची माती सरकून नळीवर बसलीय."

"अगदी तसंच," मॅडम म्हणाल्या. "मग नळीला भोक पाडून काय उपयोग? माती मागं घ्यायला हवी."

त्यांनी डोळे मिटायला लावून पापण्यांवर थंड जेल लावलं आणि सोनोग्राफीची कांडी फिरवली. यंत्राच्या पडद्यावर डोळ्याच्या भिंतीतले थर एकमेकांपासून सुटलेले दिसत होते, मध्ये काळं पाणी. दोन्ही डोळ्यांत. लेझर रद्द झालं. पायलोकार्पिनही बंद. ते थेंब त्याच कड्याला आणखी पुढं ओढतात, म्हणून सकाळी दुखणं वाढलं होतं.

मग त्या म्हणाल्या, "आता मी ॲट्रोपीन घालणार. बाहुली आणखी मोठी होईल."

नवरा उभाच राहिला. सकाळच्या डॉक्टरांनी बाहुली लहान करायला थेंब दिले, आणि इथं आणखी मोठी करायची? माझ्याही पोटात गोळा आला. मॅडमनी शांतपणे सांगितलं, की ॲट्रोपीन त्या स्नायूच्या कड्याला सैल करतं, कडं मागं बसतं, भिंग मागं जातं, कोपरा उघडतो. बाहुलीचं रुंद होणं हे नुसतं त्याच्याबरोबर येणारं. त्याची काळजी करायची नाही. काचबिंदूच्या नेहमीच्या झटक्यात ज्याला हातही लावायचा नाही, ते इथं औषध. जाता जाता म्हणाल्या, "तुम्ही धोतरा म्हणत होता ना? हे त्याच घराण्यातलं."

शंकराला वाहिलेला धोतरा मला असा परत भेटला.

दमा आहे का, असं त्यांनीही विचारलं. प्रेशर कमी करणारे टिमोलॉलचे थेंब दमा असलेल्याला चालत नाहीत. बीटा ब्लॉकरच्या जातीचं औषध आहे ते, सांगलीच्या डॉक्टरांनी ज्यामुळं प्रोप्रॅनोलॉल टाळलं होतं त्याच जातीचं. म्हणून दुसरे थेंब, सूज कमी करायचे स्टेरॉइडचे थेंब आणि प्रेशर उतरवायला शिरेतून मॅनिटॉल. प्रेशर उतरवणारी डायमॉक्सची गोळी त्यांनी टाळली. ती सल्फाच्या नात्यातली आणि टोपिरामेटच्या रचनेतही तसाच गंधकाचा भाग आहे, अशा वेळी मी ती देत नाही, म्हणाल्या. मला चमत्कारिक वाटलं ते पुढंच. टोपिरामेट स्वतःही थोड्या प्रमाणात तेच एंझाइम दाबतं जे डायमॉक्स दाबतं, म्हणूनच बोटांना मुंग्या, म्हणूनच सोड्याचा झणका जाणं. म्हणजे एका हातानं प्रेशर उतरवणाऱ्या औषधाचं काम, आणि काहीजणांत दुसऱ्या हातानं प्रेशर चढवणं.

सांगलीच्या डॉक्टरांना त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. गोळी आजपासून बंद. मला फिट येत नव्हती आणि डोस ५० वरच होता, म्हणून एकदम थांबवणं शक्य होतं. हे बोलणं दाराशी उभ्या असलेल्या एका बाईनं ऐकलं. तिच्या हाताशी दहा-अकरा वर्षांचा मुलगा होता. ती आत आली आणि थरथरत म्हणाली, "मॅडम, माझ्या पोराला हीच गोळी हाय. आजच बंद करू?" मॅडमनी माझे थेंब बाजूला ठेवले. तिला खुर्चीवर बसवलं. कधीपासून घेतोय? दोन वर्षं. फिट? वर्षभर आली नाही. "मग बंद करायची नाही. अचानक बंद केली तर जोराची फिट येऊ शकते, आणि ती या डोळ्यांच्या त्रासापेक्षा मोठी गोष्ट. हा त्रास होतो तो बहुतेक पहिल्या महिन्यात होतो. पोराला लांबचं अंधूक दिसलं, डोळा दुखला, तर त्याच दिवशी दाखवायला आणा. आणि जिथं जाल तिथं गोळीचं नाव सांगा." तिनं मुलाला तिथंच फळ्यावरची अक्षरं वाचायला लावली. त्यानं सगळी वाचली. मगच ती गेली.

रात्र मिरजेतच काढली. मॅनिटॉलमुळं दर अर्ध्या तासाला उठावं लागायचं, नवरा हात धरून न्यायचा कारण मला समोरची भिंतही पुसट दिसत होती. रात्री दहाला प्रेशर ३० झालं होतं, सकाळी १८ आणि १७. दुखणं उतरलं तसं मला रडू आलं. तोपर्यंत आलं नव्हतं.

त्यानंतरचे दिवस सावकाश गेले. उणे पाचचा नंबर तिसऱ्या दिवशी उणे दोनवर आला, आठव्या दिवशी काचेची गरज राहिली नाही. दहाव्या दिवशीच्या सोनोग्राफीत थरांमधलं पाणी आटलेलं होतं. पण ॲट्रोपीनचा अंमल आठवडाभराहून जास्त राहतो. आता सगळं पुन्हा उलटं झालं. दारातला गुलमोहर फांदी न् फांदी दिसायचा आणि ताटातली भाजी कसली ते कळायचं नाही. पूर्वपरीक्षेचे माझे ३२ पेपर सहकाऱ्यांनी वाटून तपासले. दिवसा काळा चष्मा, खिडकीला चादर. मुलगी रोज संध्याकाळी बॅटरी मारायची आणि वहीत लिहायची: "आज थोडी हलली."

मॅडमकडच्या शेवटच्या तपासणीला मी विचारलं, हे आधी कुणाला माहीतच नव्हतं का? त्यांनी सांगितलं ते असं. टोपिरामेटला अमेरिकेत फिटसाठी १९९६ मध्ये मान्यता मिळाली, अर्धशिशी टाळण्यासाठी २००४ मध्ये. डोळ्यांच्या या त्रासाबद्दल बनवणाऱ्या कंपनीनं डॉक्टरांना २००१ मध्येच पत्र पाठवलं होतं. तेव्हापासून गोळीच्या माहितीपत्रात हे छापलेलं असतं. साधा अरुंद कोपऱ्याचा काचबिंदू चाळिशीच्या आत क्वचित दिसतो, हा मात्र लहान मुलांमध्येही नोंदला गेलाय. वेळेत गोळी थांबवली तर बहुतेकांची नजर पूर्ण परत येते. उशीर झाला तर कायमची जाऊ शकते. लाखोंनी घेतलेली गोळी आहे, फार थोड्यांना हे होतं. ते मला मान्य आहे. पण ज्याला होतं त्याच्या हातात दिवस कमी असतात, आणि 'लांबचं अंधूक दिसलं तर गोळी थांबवून फोन करा' एवढं सांगायला अर्धं मिनिट लागतं. ते अर्धं मिनिट मला मिळायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

शाळेत परत गेले तेव्हा दहावीची बोर्डाची परीक्षा सुरू झाली होती. स्टाफरूममध्ये एका मैत्रिणीनं सगळं ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "त्या गोळीनं वजन कमी होतं म्हणे. नाव काय तिचं?" मी तिला नाव सांगितलं, दोनदा सांगितलं, कागदावर लिहून दिलं, आणि त्याखाली माझे प्रेशरचे आकडे लिहिले. ४८. ४६. तिनं कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि पुन्हा विषय काढला नाही.

अर्धशिशीवर आता दुसरी गोळी चालू आहे. तिनं झोप जास्त येते, महिन्याला चार झटके येतात. चार म्हणजे माझ्यासाठी कमी आहेत.

नणंदेचं लग्न मे महिन्यात झालं, कवठे महांकाळलाच. जूनमध्ये मला ताप आला म्हणून आत्ती मला गावातल्या डॉक्टरांकडं घेऊन गेल्या. दवाखाना भरलेला, त्यात नणंदेच्या सासरकडच्याही दोघी होत्या. डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कुठल्या औषधाचा त्रास होतो का?" मी तोंड उघडायच्या आत आत्ती पुढं झाल्या.

"टोपीरामेट," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "फिटची गोळी असती ती. हिला डोक्यासाठी दिलती, डोळ्यावर गेली. ल्ह्या तिथं वरच्या बाजूला, ठळक."